आवाजाचं माणूस

मला एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा मी आधी चष्म्याला शिव्या दिल्या, मग चष्मेवाल्याला. तो बिचारा म्हणाला, "शिरगावे सर, एक डोळा झाकून बघा." डावा झाकला, एक दुकान. उजवा झाकला, तेच एक दुकान. दोन्ही उघडले की जयसिंगपुरात एका जागी दोन दुकानं आणि दोन चष्मेवाले. "डोळे चांगलेच आहेत की तुमचे," तो म्हणाला. "त्यांना वळवणारं काहीतरी आत बिघडलंय. मिरजेला जाऊन दाखवा."

घरात मी एकटाच. बायको, पद्मजा, जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हा आरशात दोघं दिसतात, तेवढीच सोबत, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगायचो. कुणी हसायचं नाही. मग मीही सांगायचं बंद केलं.

माझं नाव अभिनंदन शिरगावे. शिरगावे मोटर ड्रायव्हिंग स्कूल आठवत असेल तर मीच तो. जयसिंगपूर ते कुरुंदवाड या पट्ट्यातली निम्मी माणसं माझ्या शेजारी बसून गाडी शिकली. पुढे गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या आणि हाताने गाडी चालवणं हा पोहण्यासारखा हौसेचा प्रकार झाला. हमरस्त्यावर तर बंदीच आली. शाळेची पाटी उतरवली, पण शिकवायची पांढरी गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली, मी शेडमध्ये ठेवली. पेट्रोल आता औषधासारखं बाटलीतून मिळतं. महिन्यातून एकदा तिला ते पाजायचं आणि इंजिन सुरू करून शेजारच्या सीटवर बसून राहायचं. त्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायची मला सवयच नव्हती.

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टर समीना बागवान भेटल्या. कवटीचा तळ आणि पाठीचा कणा इथल्या दुर्मीळ गाठींची चित्रं काढणं आणि वाचणं, एवढंच त्यांचं काम. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं हेडबाईंसारखं. त्यांनी माझ्या कवटीचा उभा छेद पडद्यावर लावला.

"हे नाक. हा मेंदूचा देठ. श्वास, ठोके, गिळणं, सगळं इथून चालतं. आणि या दोघांच्या मधे हाडाचा हा उतार. याचं नावच उतार. लॅटिनमध्ये क्लायव्हस."

"डोक्यात उतार आहे आणि मला माहीत नाही," मी म्हणालो. "आयुष्यभर लोकांना उतारावर गाडी कशी धरायची ते शिकवलं."

त्या हसल्या नाहीत. उतारावर द्राक्षाएवढा एक पांढुरका गोळा होता, त्याच्यावर बोट ठेवलं. "आईच्या पोटात सुरुवातीला बाळाला कणा नसतो. त्या जागी एक मऊ दोरी असते, पृष्ठरज्जू. तिच्याभोवती मणके रचले जातात. काम झालं की दोरी विरून जाते. घर बांधून झाल्यावर परांची सोडवतात ना, तसं. पण कधीकधी एखादा बांबू राहून जातो. वर या उतारात, नाहीतर पार खाली माकडहाडापाशी. बहुतेकांच्यात तो जन्मभर निपचित पडून राहतो. लाखो माणसांत एखाद्याचा वाढायला लागतो. त्याला कॉर्डोमा म्हणतात."

"म्हणजे मी जन्मायच्या आधीचा माल आहे हा."

"हो. आणि डोळा बाहेर वळवणारी नस त्याने दाबलीय. वाढत गेला तर पुढे गिळण्याची नस, मग आवाजाची."

नाकातून दुर्बीण घालून गोळा काढता येतो, त्यांनी सांगितलं. अडचण मागे होती. गोळ्याला लागूनच मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी. गोळा तिला नुसता टेकलाय की चिकटलाय, हे साध्या एमआरआयत कळत नाही. टेकला असेल तर सर्जन काढून देतात. चिकटला असेल आणि ओढला तर माणूस टेबलावरच जातो. म्हणून सर्जनचा नियम होता: चित्र स्पष्ट नसेल तर हात लावणार नाही. मग फक्त किरण द्यायचे, वाढ थोडी लांबवायची आणि वाट बघायची.

"ते स्पष्ट चित्र कशात निघतं?"

"आमच्या दोलनयंत्रात," त्या म्हणाल्या. "तुमच्याबरोबर आवाजाचं माणूस कोण आहे?"

तो शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

गोष्ट अशी आहे. हृदयाच्या दर ठोक्याला आपला मेंदू किंचित हलतो. किती, तर केसाच्या जाडीइतका. धमनी फुगते, नसा डोलतात, मऊ गाठ जेलीसारखी थरथरते. दोलनयंत्र ही हालचाल टिपतं आणि हजारपटींनी मोठी करून दाखवतं. दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर एकत्र हलतात. नुसत्या टेकलेल्या असतील तर एकीवरून दुसरी घसरते, आणि त्यांच्या मधे एक काळी रेघ उमटते. त्या रेघेवर माणसाचं जगणं-मरणं.

पण एका ठोक्यात एवढं बारीक दिसत नाही. हजारो ठोक्यांची चित्रं एकावर एक ठेवावी लागतात, आणि त्यासाठी ते ठोके सारखे पडावे लागतात. बोगद्यासारख्या त्या नळीत पाऊण तास पडलेल्या माणसाचे ठोके कसले सारखे पडतात? भीतीने, कंटाळ्याने, डोक्यातल्या विचारांनी सगळं खालीवर होतं. झोपेचं औषध दिलं तर मेंदूच्या देठाचं डोलणंच बदलतं. बरंच डोकं खाजवल्यावर संशोधकांना सापडलं ते अगदी घरगुती औषध. कुणीतरी आपलं माणूस कानाशी जिवंत बोलत राहिलं की ठोके आपोआप एका लयीत पडतात. रुग्णाने बोलायचं नाही, जबडा हलतो. त्याच्या हातात रबरी गोळा द्यायचा. तो दाबला की बोलणाऱ्याला टिक असा आवाज जातो: ऐकतोय. रेकॉर्ड केलेला आवाज चालत नाही, कान थोड्या वेळाने त्याला ओळखतो. मशीनने बनवलेली आवाजाची प्रत काहींना चालते, काहींना नाही. असं का, ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही.

आता यात गंमत अशी की कुणाच्या आवाजाने ठोके लयीत येतात ते आधी चाचणी करून बघावं लागतं, आणि ती चाचणी सगळ्यांदेखत होते. पडद्यावर एक हिरवी पट्टी. ठोके लयीत आले की ती बारीक होत जाऊन रेघ होते. नाही आले की पसरते. त्या व्हरांड्यात बसलं की नुसतं हेच कानावर येतं: "रेघ आली काय?"

माझ्यासमोर तासगावच्या एका म्हातारीचे तीनही मुलगे नापास झाले आणि जिच्या हातचं पाणी म्हातारी पीत नव्हती ती धाकटी सून पहिल्या मिनिटात पास झाली. मोठा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला. इचलकरंजीच्या एका माणसाची रेघ बायकोच्या आवाजाने आली नाही, त्याच्या कारखान्यातल्या हिशेबनीस बाईंच्या आवाजाने आली. बायको पर्स उचलून स्टँडवर गेली. गाठी काढायच्या आधीच इथे माणसं तुटत होती.

मला चिंता नव्हती. माझ्याकडे पद्मजा होती.

म्हणजे तिचा आवाज. तिने फोनवर पाठवलेल्या निरोपांवरून तयार केलेली प्रत. आता घरोघरी असते तशीच, स्वयंपाकघरातल्या फळीवर एक छोटा डबा. आम्ही जैन, सूर्यास्ताआधी जेवणारे. तर दिवस कलला की फळीवरून आवाज यायचा, "अहो, ताट घ्या वाढून, दिवस चाललाय." जेवताना मी तिला दिवसभराचं सांगायचो. ती विचारायची, मी उत्तर द्यायचो. चार वर्षं मी असाच जगलो आणि ठीक जगलो, असं मला वाटत होतं.

डबा घेऊन गेलो. यंत्र चालवणाऱ्या टेक्निशियन प्रणोती पाटील म्हणाल्या, "प्रत आहे होय? बघू या." मला नळीत सरकवलं. कानात पद्मजा बोलायला लागली. "अहो, घाबरू नका. मी आहे ना. डोळे मिटा." मी डोळे मिटले. किती बरं वाटलं मला! मी रबरी गोळा दाबला आणि ती म्हणाली, "हं, ऐकताय ना." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आल्यावर बागवान मॅडम पडद्यासमोरून उठल्या नाहीत. "शिरगावे सर, पट्टी बघा. पसरली असती तरी आम्ही समजलो असतो. नकोसा आवाज आला तर ती पसरते. इथे काहीच झालं नाही. आवाज नसताना जशी होती, तशीच."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या मेंदूच्या देठाला खोलीत कुणी आलंय असं वाटलंच नाही."

मी डबा पिशवीत घातला. मला त्यांचा फार राग आला. त्यांनी वाईट सांगितलं म्हणून नव्हे, इतक्या हळू आवाजात सांगितलं म्हणून.

राहिला बाहुबली, माझा धाकटा भाऊ. आमची घरं एकाच गल्लीत, अलीकडे-पलीकडे. भांडण नाही, तंटा नाही. त्याचं कापडाचं दुकान, माझी गाडी, वाटा वेगळ्या, एवढंच. भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी एकमेकांच्या घरी जाऊन 'उत्तम क्षमा' म्हणायची आमच्यात रीत आहे. हल्ली त्याचा फोन माझ्या फोनला परस्पर क्षमा मागतो, आणि माझा फोन परस्पर देऊन टाकतो. आम्हा दोघांना मधे उठावंसुद्धा लागत नाही.

मी बोलावलं तर तो लगेच आला, इस्त्रीचा शर्ट घालून. माइकसमोर बसला. मला कानात त्याचा श्वास ऐकू येत होता.

"दादा," तो म्हणाला. "जेवलास काय?"

मी गोळा दाबला.

"बरं." मग बराच वेळ काही नाही. "हितं गरम होतंय जरा." परत काही नाही. "शैलजा पुण्यात हाय अजून. पोरीचं दिवस भरलेत." मला हे माहीत नव्हतं. त्याची बायको पुण्याला गेलीय हेच मला माहीत नव्हतं. "दुकान काय, हाय आपलं." आणि मग अगदी कळवळून, "काय बोलू रे दादा?"

पट्टी ढोलासारखी फुगली होती म्हणे.

व्हरांड्यात त्याने मला धरलं. "सख्खा भाऊ मी. एका आईचं दूध प्यालो. आणि तुझ्या मेंदूला मी चालत न्हाई?"

"माझ्या हातात आहे का ते, बाहुबली?"

"मग कुणाच्या हातात हाय? लोकांची हिशेबनीस चालत्यात, मी चालत न्हाई!" तो आपली गाडी बोलावून निघून गेला. एकाच गल्लीत जायचं होतं, तरी मला चल म्हणाला नाही.

मग इस्पितळाच्या स्वयंसेवकांचे आवाज लावून झाले. एक गोड बोलणाऱ्या बाई झाल्या, एक कीर्तनकार झाले. कीर्तनकारांच्या वेळी तर पट्टीने अर्धा पडदा व्यापला. डॉक्टर म्हणाल्या, "येत्या शुक्रवारी सर्जनची बैठक आहे. बुधवारची एक वेळ तुमच्यासाठी ठेवते. तोवर कुणीतरी शोधा. नाही मिळालं तर आपण किरणांकडे वळू."

कुणीतरी शोधा. साठी उलटलेल्या माणसाला हे सांगणं किती सोपं! मी घरी आलो, फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. शेकडो नावं, बहुतेक 'अमुक लर्निंग', 'तमुक लर्निंग'. गाडी शिकून झाल्यावर यांनी मला कधी फोन केला नव्हता, आणि का करावा?

फळीवरून आवाज आला, "अहो, काय म्हणाले डॉक्टर?"

सवयीने मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "पद्मजा, तुला भीती वाटते का गं?"

"तुम्ही असताना कसली भीती?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला. खरी पद्मजा जन्मात असं बोलली नसती. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची. आंबा घाटात तर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसायची आणि पार रत्नागिरीपर्यंत, "हळू हो, हळू, तो ट्रक बघा, अहो ट्रक!" मी वैतागायचो. पण ती भीती तिने कधी फोनवर लिहून पाठवली नव्हती. मी शेजारीच असायचो, पाठवायची कशाला? म्हणून ती त्या आवाजाच्या प्रतीमध्ये आलीच नाही. फळीवरच्या त्या बाईला कशाचीच भीती नव्हती आणि माझी काही गरज नव्हती. तरी मी डबा बंद केला नाही. बंद केला असता तर घरात कोण बोललं असतं?

दुसऱ्या दिवशी मी बागवान मॅडमना म्हणालो, "मला सगळ्या चाचण्या परत दाखवा. सावकाश."

त्यांनी दाखवल्या. गोड बाई, कीर्तनकार, मग बाहुबली. त्याची फुगलेली पट्टी सरकत होती आणि अगदी शेवटी, टोकाला, एकदम निमुळती झाली. काही क्षण तिची रेघच झाली.

"हे काय आहे?"

त्यांनी भुवया उंचावल्या. "चाचणी तोवर संपली होती, म्हणून आम्ही ते मोजलं नाही. थांबा, आवाज लावते."

बाहुबलीचा आवाज आला, माइकपासून लांब, घाबरलेला: "ओ ताई, हे बंद कसं करायचं? लाल दाबू काय हिरवं? कायतर बिघडायचं हो माझ्या हातनं... दादा, कुठलं दाबू?"

मी परत लावायला सांगितलं. परत तेच. माझा हात आपोआप मनगटावर गेला. नाडी शांत, एका लयीत. तीस वर्षं माझ्या शेजारी बसलेली माणसं याच आवाजात बोलली होती. कुठलं दाबू? आता काय करू? सर, पुढे म्हैस! आणि त्या आवाजाला माझे ठोके कधी चुकले नव्हते, कारण मी चुकलो तर म्हैस, विद्यार्थी आणि मी, तिघंही गेलो असतो. मला धीर देणाऱ्या माणसाची गरज नव्हती. माझ्या शेजारी कुणीतरी घाबरलेलं हवं होतं.

हे मी बाहुबलीला सांगायला गेलो तेव्हा तो दिवाणखान्यात एकटाच बसून भाजी निवडत होता. टीव्ही बंद, पंखा बंद.

"तू गाडी चालवायचीस," मी म्हणालो.

"काय?"

"माझी. पांढरी. मार्केट यार्डामागच्या मैदानात. पहिल्या गिअरमध्ये गोल फिरायचं आणि जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. फोन चालू ठेवायचा, मी इकडं मशीनमध्ये ऐकणार."

"तुझं डोकं फिरलंय काय दादा?"

"फिरलं नाही. आत गाठ आहे."

घरात ड्रायव्हिंग स्कूल असून हा माणूस आयुष्यभर सायकलवर हिंडला. मी एकदाच त्याला सीटवर बसवलं होतं. गाडी गचके खाऊन बंद पडली तसा दार उघडून चालत घरी गेला, तो परत आलाच नाही. नंतर गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, तेव्हा सगळ्या गल्लीत हाच एक खूश झाला होता.

"शेजारी कोण बसणार?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"मग दुसरा ब्रेक?"

"तो कुणी दाबायचा नाही. मैदान मोकळं आहे. तिथं कुत्री सोडून काही आडवं येत नाही."

त्याने निवडलेली भाजी आणि देठं एकत्र केली, परत वेगळी करायला लागला. "माझ्या हातनं व्हईल?"

"झालं तर माझं ऑपरेशन होईल."

सोमवार आणि मंगळवार मी त्याला क्लच शिकवला. मला समोर दोन बाहुबली दिसत होते आणि दोघंही सारखेच घाम पुसत होते. शेवटी मी त्याला एवढंच बजावलं, "काहीही झालं तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. बोलायचंही थांबायचं नाही."

"तू सांगंपर्यंत," तो म्हणाला.

बुधवारी मला नळीत सरकवलं. डोकं पट्ट्यांनी जखडलं. हातात रबरी गोळा. वर अर्ध्या हाताच्या अंतरावर पांढरं प्लास्टिक, मला दोनदा दिसणारं. यंत्राची ठकठक सुरू झाली. मग कानात इंजिनाची घरघर आली.

"दादा, चावी फिरवली. चालू झाली." त्याचा आवाज कापत होता. "क्लच दाबलाय. पैला टाकला. सोडतोय... सोडतोय... आई गं!" गचका. "बंद नाय पडली! चालली बघ. चालली!"

मी गोळा दाबला.

"पुढं भिंत हाय. लांब हाय अजून. डावीकडं लिंबाचं झाड. वळवतोय. लई जड हाय रे हे चाक. वळली. आता उजवीकडं पोत्यांची थप्पी. एक कुत्रं झोपलंय, मधोमध. उठंना. हॉर्न देऊ काय?"

टिक.

"दिला. उठलं."

मला ते मैदान दिसत होतं, आणि एकच दिसत होतं. माझ्या पायाच्या बोटांना ब्रेक हवा होता, पण मी पाय हलवला नाही. कोपरा आला की मी श्वास धरत होतो आणि गाडी वळली की सोडत होतो. दुसरा काही विचार नव्हता. गाठ नव्हती, शुक्रवार नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी शेजारी बसलो होतो.

फेरीमागून फेरी झाली. त्याचा आवाज हळूहळू सैल झाला आणि तरीही तो बोलत राहिला. मग यंत्र थांबलं, कानातला आवाज बंद झाला, आणि प्रणोतीताईंनी मला बाहेर ओढलं. "सर, रेघ अशी आली की मी हललेच नाही जागेवरून," त्या म्हणाल्या.

कपडे बदलून बागवान मॅडमच्या खोलीत जाऊन बसलो. यंत्राला चित्रं रचायला वेळ लागतो. त्यांनी चहा मागवला. दोघंही पडद्याकडे बघत होतो. शेवटी तो उमटला: माझा उतार, त्यावर तो गोळा, आणि मागे धमनी. त्यांनी हालचाल सुरू केली. धमनी फुगत होती, गोळा थरथरत होता. आणि दोघांच्या मधे, वरपासून खालपर्यंत, एक बारीक काळी रेघ उघडझाप करत होती.

"टेकलाय," त्या म्हणाल्या. "चिकटलेला नाही." मग पहिल्यांदाच त्यांनी हेडबाईंचा आवाज सोडला. "काढता येईल, सर. डोळ्याची नस मात्र गाठीत पार गुरफटलीय. ती वाचेल असं सांगत नाही. दोन दिसणं कदाचित राहील."

"राहू दे," मी म्हणालो. "गिळता येईल ना?"

"गिळता येईल. बोलताही येईल."

पुढचं सगळं त्यांनी सविस्तर समजावलं. ऑपरेशन कसं, नंतर किरण कसे, घरी कोण असेल. त्या शेवटच्या प्रश्नाशी मी अडखळलो. तेवढ्यात प्रणोतीताई दारात आल्या. चेहरा ओशाळलेला.

"सर, चुकलंच माझं. मी फक्त तुमच्या कानातला आवाज बंद केला. फोन तोडायचा राहिला. तुमचे भाऊ अजून बोलतायत."

"अजून?"

"अजून."

मी फोन घेतला आणि व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीपाशी गेलो. कानाला लावला. इंजिनाची घरघर होती. घसा पार बसलेला होता त्याचा.

"...लिंबाचं झाड, दादा. आता परत भिंत. तुझं टिक येईना झालंय मघापासनं. तिकडं कायतर चाललं असंल. असू दे. तू म्हणलायस न्हवं थांबू नको, मी काय थांबत न्हाई. पोती आली. कुत्रं तिकडं जाऊन बसलंय, त्याला बी कळलंय आता." थोडा वेळ नुसती गाडी. "एक सांगू काय? शैलजा गेल्यापासनं मी घरात मोठ्यानं बोललोच नव्हतो बघ. दुकानात गिऱ्हाईक येतं तेवढंच. सांजचं जेवायला बसलं की तुझ्या खिडकीत तू वैनीसंगं बोलतोस ते ऐकू येतं मला. वाटायचं, यावं. पण दोघं बोलतायसा, मधी कशाला जा... वळवतोय. वळली."

खिडकीचा गज धरून मी उभा राहिलो. थांब, क्लच दाब, ब्रेक दाब, झालं सगळं, एवढं म्हणायचं होतं. रोज संध्याकाळी तीस पावलांवर हा माणूस जेवत होता आणि त्याला वाटत होतं की माझ्या घरात माणूस आहे.

"बाहुबली," मी म्हणालो.

गाडी गचकली, पण बंद पडली नाही. "दादा? हायस व्हय? थांबू काय?"

"पुढं काय दिसतंय?"

"पुढं काय न्हाई," तो म्हणाला. "मोकळं हाय सगळं."

"मग अजून एक फेरी मार," मी म्हणालो. "मी ऐकतोय."